मूळ ‘स्टार ट्रेक’चे ७९ भाग: कुठून सुरुवात करू, काय सोडू?

अर्धवर्तुळ

नमस्कार मंडळी,

मूळ ‘स्टार ट्रेक’ बघायची इच्छा फार वर्षांपासून मनात आहे. मूळ म्हणजे १९६६ ते १९६९ मध्ये अमेरिकेत एनबीसीवर लागलेली, कप्तान कर्क, त्याचा अर्धा परग्रहवासी सहकारी स्पॉक आणि डॉक्टर मकॉय यांची. नंतरच्या मालिका आणि चित्रपट थोडेफार बघितलेत, पण या घराण्याच्या मूळ पुरुषाला भेटायचं राहून गेलंय.

दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पहिल्या भागापाशीच अडकले. तो भाग म्हणजे ‘द मॅन ट्रॅप’. ओसाड ग्रहावर राहणारा एक संशोधक, त्याची बायको, आणि त्या बायकोचं रूप घेऊन वावरणारा, माणसाच्या अंगातलं मीठ शोषणारा प्राणी. ती बाई प्रत्येकाला वेगळी दिसते ही कल्पना छान होती. पण पुढे एकेक माणूस मरत जातो, शेवटी राक्षस समोर येतो, त्याला मारतात आणि जहाज पुढच्या प्रवासाला लागतं. सगळं असंच असेल तर ७९ वेळा कशाला बघायचं, असं वाटून थांबले.

पण ज्यांच्या आवडीवर माझा विश्वास आहे अशी बरीच माणसं या मालिकेबद्दल जीव तोडून बोलतात, म्हणजे माझीच सुरुवात चुकत असणार. तीन सीझन, २९ अधिक २६ अधिक २४ भाग, प्रत्येक भाग साधारण पन्नास मिनिटांचा. म्हणजे पासष्ट तास झाले. तेवढा वेळ काढणं शक्य नाही. रोज रात्री एक असे पंधरा-सोळा भाग नक्की बघू शकते. ‘टॉप टेन’ याद्या वाचल्या, सगळीकडे तीच पाच-सहा नावं आहेत. ती का, हे मात्र कोणी सांगत नाही. तुम्ही ‘का’ सांगा. आणि शक्यतो शेवट फोडू नका.

शुक्रतारा

प्रसारणाच्या क्रमाने बघू नका, हे पहिलं.

तुम्ही ज्या भागापाशी अडकलात तो ८ सप्टेंबर १९६६ ला सगळ्यात आधी दाखवला गेला, पण सगळ्यात आधी बनलेला नव्हता. जीन रॉडनबेरी यांनी केलेला पहिला पायलट (वाहिनीला दाखवायचा नमुना भाग) ‘द केज’ वाहिनीने नाकारला. दुसरा, ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’, पसंत पडला, पण तो दाखवला तिसऱ्या आठवड्यात. त्यामुळे क्रमाने बघणाऱ्याला तिसऱ्या भागात अचानक वेगळे गणवेश दिसतात, मकॉय गायब असतो, त्याच्या जागी दुसराच डॉक्टर असतो, आणि स्पॉक चक्क ओरडून बोलत असतो. चौथ्या भागात सगळं पुन्हा जागेवर. नवीन माणसाला वाटतं, मधलं काहीतरी आपल्याकडून सुटलं. आणि पायलटनंतर जो भाग सर्वप्रथम चित्रित झाला, ‘द कॉर्बोमाइट मनूव्हर’, तो प्रेक्षकांनी बघितला दहावा, १० नोव्हेंबरला.

याद्यांबद्दल माझी तक्रार एवढीच, की त्या सगळी मालिका बघून झालेल्या माणसांनी केलेल्या असतात. ‘अमॉक टाइम’ प्रत्येक यादीत असतो, आणि असायलाच हवा. त्यात नर्स चॅपल स्पॉकसाठी प्रेमाने सूप घेऊन जाते आणि पुढच्याच क्षणी ती वाटी खोलीतून भिरभिरत येऊन बाहेरच्या भिंतीवर आपटते. मी आधीचे वीसेक भाग बघितले होते, म्हणून त्या वाटीच्या आवाजाने दचकलो. ज्याने स्पॉकला शांत बघितलेलंच नाही, त्याला एक चिडका माणूस दिसेल, बाकी काही नाही.

मग निवडायचं कसं? लेखक बघून. भागाचं नाव पडद्यावर येतं, त्यापाठोपाठ लेखकाचं येतं. तिथे जीन एल. कून दिसलं तर बसा. डी. सी. फोंटाना दिसलं तरी बसा. कून पहिल्या सीझनच्या मध्यावर निर्माता म्हणून आले आणि मालिकेला आज आपण ज्या गुणांसाठी ओळखतो त्यातले बरेच त्यांच्या हातून आले. ‘अरीना’, ‘द डेव्हिल इन द डार्क’, ‘एरंड ऑफ मर्सी’ त्यांचे. ‘स्पेस सीड’ आणि ‘अ टेस्ट ऑफ आर्मागेडन’ यांच्या पटकथेतही त्यांचा वाटा आहे. फोंटाना म्हणजे डोरोथी कॅथरीन. नाव न लिहिता आद्याक्षरं लावून त्या लिहायच्या. स्पॉकला आई-वडील त्यांनीच दिले, ‘जर्नी टु बेबल’मध्ये.

तुमच्यासाठी पहिले तीन असे: ‘कॉर्बोमाइट मनूव्हर’, मग ‘बॅलन्स ऑफ टेरर’ (हा पॉल श्नायडर यांचा, पण तो टाळून पुढे जाताच येणार नाही), मग ‘डेव्हिल इन द डार्क’. हे तीन बघा आणि इथे परत या. तिन्ही बघूनही मन लागलं नाही, तर ही मालिका तुमच्यासाठी नाही असं मी मान्य करीन.

चकमक

शुक्रतारा यांच्या क्रमाच्या मुद्द्याला +१. लेखकाच्या मुद्द्याला मात्र अर्धीच संमती.

तिसऱ्या सीझनचा पहिला भाग, ‘स्पॉक्स ब्रेन’. परग्रहावरून कोणी येतं, स्पॉकचा मेंदू काढून नेतं, आणि मकॉय मेंदूविना चालणाऱ्या स्पॉकला रिमोटने चालवत त्याच्या शोधात फिरतो. मालिकेतला सर्वांत वाईट भाग कोणता, असं विचारलं की बहुतेकजण याचंच नाव घेतात. लेखकाचं नाव आहे ली क्रोनिन. हे ली क्रोनिन म्हणजे टोपणनावाने लिहिणारे जीन कूनच! तेव्हा निव्वळ नाव बघून बसलात तर कधीतरी फसाल.

उलट बाजूने ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ घ्या. नाव हार्लन एलिसन यांचं. पण पडद्यावर आलेली संहिता कून, फोंटाना आणि रॉडनबेरी अशा अनेक हातांतून गेली होती. एलिसन यांना ते कधीच रुचलं नाही. त्यांच्या मूळ संहितेला लेखक संघटनेचं पारितोषिक मिळालं आणि प्रसारित झालेल्या भागाला ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार. मग तो भाग कोणाचा म्हणायचा?

माझी कसोटी वेगळी आहे. कप्तानाला निर्णय घ्यावा लागतो आणि त्या निर्णयाची किंमत कोणालातरी मोजावी लागते, असे भाग बघा. म्हणून माझ्या यादीत पहिला ‘द डूम्सडे मशीन’. नॉर्मन स्पिनरॅड यांनी लिहिलाय. एंटरप्राइझला, म्हणजे कर्कच्या जहाजाला, तिच्याच जातीचं एक जहाज सापडतं, मोडलेलं, जळालेलं, रिकामं. आत एकटा कमोडोर डेकर. बाकीची माणसं कुठे गेली, असं त्याला विचारतात. त्याने त्यांना जीव वाचवायला ज्या ग्रहावर उतरवलं होतं तो ग्रह आता नाही. हे सांगताना विल्यम विंडम या नटाचा आवाज ज्या तऱ्हेने फुटतो, ते बघताना साठच्या दशकातला पुठ्ठ्याचा सेट वगैरे काही आठवत नाही.

आणि पुठ्ठ्यावरून सांगतो: ते मोडलेलं जहाज म्हणजे दुकानात मिळणारं, मुलांनी जोडायचं प्लॅस्टिकचं मॉडेल होतं, तोडून-जाळून घेतलेलं. एंटरप्राइझचा क्रमांक १७०१, याचा १०१७. तेच आकडे फिरवून चिकटवलेत. हे कळल्यावर मला तो भाग कमी नाही, जास्त आवडला.

पानगळ

वाचतेय. खूप उपयोगी धागा.

एक उपप्रश्न: मला दहा वर्षांच्या मुलीबरोबर बघायचंय. तिला अवकाशाचं वेड आहे, पण भीतीही लवकर वाटते. काय लावू?

रातकिडा

पानगळ, ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ डोळे झाकून लावा. डेव्हिड गेरोल्ड यांचा, १९६७ च्या डिसेंबरातला. गुरगुरणारे, लोकरीच्या गोळ्यासारखे प्राणी, ज्यांना खायला घातलं की ते वाढतात, एवढंच कथानक. धान्याच्या कोठाराचं दार उघडतं आणि कर्क त्या गोळ्यांखाली गळ्यापर्यंत बुडतो, तिथे मोठी माणसंही खदखदून हसतात. दार उघडून झाल्यावरही एकेक गोळा टपकन त्याच्या डोक्यावर पडत राहतो, तिकडे मुलीचं लक्ष वेधा.

नंतर ‘अरीना’. सरड्यासारखा गॉर्न थोडा भीतिदायक आहे, पण तो इतका संथ चालतो की मुलांना सावरायला वेळ मिळतो. शिवाय कर्क गंधक, कोळसा आणि सोरा गोळा करून तोफेची दारू करतो, ते बघताना मुलं प्रश्न विचारून हैराण करतात. ‘कॉर्बोमाइट मनूव्हर’पण चालेल. त्यातल्या बालोकचा पहिला चेहरा बघून घाबरली तर हात धरून शेवटपर्यंत बसवा, शेवट बघून ती खूश होईल.

‘वुल्फ इन द फोल्ड’ आणि ‘ऑपरेशन अ‍ॅनायहिलेट’ एवढ्यात नकोत.

आता मूळ विषय. तिसऱ्या सीझनला सगळे हात झटकून टाकतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. मान्य, पैसे कमी केले होते, शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली होती, रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाले होते आणि निर्मातेपद फ्रेड फ्रायबर्गर यांच्याकडे होतं. ‘स्पॉक्स ब्रेन’, ‘अँड द चिल्ड्रन शॅल लीड’, ‘द वे टु ईडन’, हे खुशाल सोडा. पण त्याच सीझनमध्ये ‘द थोलियन वेब’ आहे. कर्क बेपत्ता होतो आणि जहाजावर उरतात स्पॉक आणि मकॉय, ज्यांना धरून ठेवणारा तिसरा माणूस नाही. एरवी त्यांची वादावादी गंमत म्हणून बघतो. इथे ती गंमत राहत नाही. मग कर्कने ठेवून दिलेला ध्वनिमुद्रित निरोप दोघं मिळून ऐकतात. दीडेक मिनिटांचा प्रसंग असेल. मालिकेतला माझा सर्वांत आवडता.

आणि पैसे नव्हते म्हणून काही गोष्टी चांगल्याही झाल्या. ‘स्पेक्टर ऑफ द गन’ बघा. गावातली घरं नुसती दर्शनी भिंत उभी करून केलीत, मागे काही नाही, वर लाल आभाळ. पूर्ण गाव उभं केलं असतं तर ते साधं काउबॉयपटातलं गाव झालं असतं. अर्धवट असल्यामुळे ते स्वप्नात दिसावं तसं दिसतं. ‘द एम्पॅथ’मध्ये तर सेटच नाही म्हटलं तरी चालेल, काळोख आणि प्रकाश, आणि एक शब्दही न बोलणारी जेम.

चकमक

रातकिडा, ‘स्पेक्टर ऑफ द गन’पण ‘ली क्रोनिन’चाच, बरं का. म्हणजे टोपणनावही सरसकट टाकाऊ नाही. माझ्या वरच्या प्रतिसादाला मीच दुरुस्ती करतो.

शुक्रतारा

चकमक, ‘स्पॉक्स ब्रेन’चा मुद्दा बिनतोड आहे. मग माझं सूत्र असं सुधारतो: कून निर्माता होते त्या काळातले भाग, म्हणजे पहिल्या सीझनचा उत्तरार्ध आणि दुसऱ्याचा बराचसा भाग. कोणी लिहिलंय हे बघाच, पण लिहिलेलं कोणाच्या हाताखालून गेलंय तेही बघा. ‘डूम्सडे मशीन’ही त्याच काळातला.

‘सिटी’बद्दल माझी विनंती आहे, अर्धवर्तुळ यांनी तो लवकर बघू नये. त्यात कर्कला जे करावं लागतं ते कोणासमोर आणि कोणाला अडवून करावं लागतं, यात सगळी ताकद आहे. ही तीन माणसं तुमची झालेली असली पाहिजेत.

चकमक

इथे मात्र जोरदार असहमत. मी आयुष्यात बघितलेला पहिला भाग ‘सिटी’ होता. मागचं-पुढचं काही माहीत नव्हतं. १९३० चं न्यूयॉर्क, गरिबांना सूप वाटणारी एडिथ कीलर, आणि तिच्या प्रेमात पडलेला एक माणूस, एवढं पुरेसं होतं. रात्रभर झोप लागली नाही. तो भाग स्वतःच्या पायावर उभा आहे.

कोरा कागद

मी वेगळ्या कारणासाठी बघत आले, उहुराच्या, म्हणजे जहाजावरच्या संपर्क अधिकारी बाईच्या. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या सीझननंतर मालिका सोडणार होत्या. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून सोडू नका म्हणून सांगितलं, हे निकोल्स यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय. तुम्ही कोणत्या भूमिकेत दिसता हे महत्त्वाचं आहे, अशा अर्थाचं किंग यांचं म्हणणं होतं. हे माहीत असलं की प्रत्येक भागात ब्रिजवरच्या (जहाजाच्या नियंत्रण कक्षातल्या) त्या खुर्चीकडे नजर जाते.

उहुरासाठी बघायचं तर सगळे ‘प्लेटोज स्टेपचिल्ड्रन’ सुचवतात, कर्क आणि उहुराच्या चुंबनामुळे. १९६८ च्या अमेरिकेत गोरा पुरुष आणि काळी स्त्री असं दाखवणं ही मोठी गोष्ट होती, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण त्या प्रसंगात ती दोघं दुसऱ्याच्या सक्तीने, स्वतःच्या इच्छेविरुद्ध तसं करतायत. उहुराच्या चेहऱ्यावर भीती आहे. मला तो भाग बघताना त्रास होतो.

त्यापेक्षा ‘मिरर, मिरर’ बघा. उलट्या विश्वातल्या क्रूर जहाजावर ती अडकते, आधी घाबरते, कर्कला तसं सांगतेही. आणि मग काम करायची वेळ येते तेव्हा तिथल्या सुलू या अधिकाऱ्याचं लक्ष गुंतवून ठेवते आणि नेमक्या क्षणी खंजीर काढून मागे सरत जाते. आणि ‘बॅलन्स ऑफ टेरर’मध्ये एक छोटीशी गोष्ट आहे: दिशादर्शकाची जागा रिकामी होते तेव्हा कर्क उहुराला तिथे बसायला सांगतो आणि ती जाऊन बसते. कोणी त्यावर काही बोलत नाही. मला त्या चुंबनापेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं.

अर्धवर्तुळ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवसांत तीन भाग झाले. आता सविस्तर लिहिते, त्यामुळे ज्यांनी ‘बॅलन्स ऑफ टेरर’ आणि ‘डेव्हिल इन द डार्क’ बघितले नाहीत त्यांनी हा प्रतिसाद सोडून पुढे जा.

‘कॉर्बोमाइट’ आवडला. माणसं ओळखीची झाली, आणि शेवट ज्या दिशेने गेला ती मला अपेक्षित नव्हती.

‘बॅलन्स ऑफ टेरर’ बघून मात्र मी बराच वेळ नुसती बसून होते. सुरुवात लग्नाने होते. जहाजावरच्या छोट्या प्रार्थनागृहात कर्क एका जोडप्याचं लग्न लावायला उभा राहतो आणि भोंगा वाजतो. लग्न तसंच अर्धवट टाकून सगळे आपापल्या कामाला पळतात. रोम्युलन या परग्रहवासीयांशी शंभर वर्षांपूर्वी युद्ध झालंय, पण दोन्ही बाजूंनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही. मग पडद्यावर त्यांचा कप्तान दिसतो, आणि त्याचे कान स्पॉकसारखे. तिथून पुढे ब्रिजवर बसलेला स्टाइल्स, ज्याच्या घरातली माणसं त्या युद्धात गेली होती, तो स्पॉककडे ज्या नजरेने बघतो ती नजर ओळखीची आहे. कुठल्याही देशात, कुठल्याही युद्धात दिसेल.

आणि ती शांतता! दोन्ही जहाजं सगळं बंद करून एकमेकांची चाहूल घेत थांबलेली. माणसं कुजबुजत बोलतात. स्पॉक दुरुस्ती करून उठताना हात चुकून एका कळीवर पडतो आणि एक बारीकसा आवाज होतो. मी इकडे खुर्चीत आक्रसून बसले होते.

शेवटी एंटरप्राइझवर एकच माणूस मरतो, आणि तो कोण हे कळतं तेव्हा पहिला प्रसंग आठवतो. कर्क त्या मुलीला भेटायला त्याच प्रार्थनागृहात जातो. दोन वाक्यं बोलतो. मग बाहेर येऊन लांबच लांब बोळातून चालत जातो, माणसं बाजूने जातायत आणि हा चालतोय. भाग तिथे संपतो. जिंकल्याचं कोणाच्याही चेहऱ्यावर नाही.

काल ‘डेव्हिल’. पहिली काही मिनिटं आपल्या ओळखीचं कोणीच नाही, नुसती खाण आणि भेदरलेले खाणकामगार. पन्नासेक माणसं मेलीत. खाणप्रमुखाच्या टेबलावर एक गोल गोळा आहे. स्पॉक तो हातात घेऊन विचारतो, हे काय? खाली लाखो पडलेत, काही किमतीचे नाहीत, असं उत्तर मिळतं. मीही ते ऐकून सोडून दिलं! नंतर कळलं तेव्हा त्या टेबलाचं चित्र डोळ्यासमोरून जाईना. त्या आईच्या बाजूने विचार करा, कोणीतरी तिचं अंडं शोभेला ठेवलंय.

अजून एक गोष्ट फार आवडली. आधी कर्क म्हणतो मारायचं, आणि स्पॉक जिवंत पकडता येईल का ते बघत असतो. मग कर्क त्या हॉर्टासमोर, म्हणजे माणसं मारणाऱ्या त्या खाणीतल्या प्राण्यासमोर, एकटा सापडतो. कर्कचा जीव धोक्यात आहे म्हटल्यावर स्पॉक म्हणतो मारा, आणि आता कर्क मारत नाही. दोघांनी एकमेकांची बाजू घेतली, आणि दोन्ही वेळा कारण खरं होतं. मग मकॉय कोपरापर्यंत सिमेंटने माखलेले हात घेऊन येतो, दगडाच्या पेशंटवर उपचार करून. त्याचा तो फुललेला चेहरा!

शुक्रतारा, मन लागलंय. पुढचे सांगा.

शुक्रतारा

तुमचा प्रतिसाद वाचून मीच काल पुन्हा ‘डेव्हिल’ लावला. हॉर्टाच्या त्या वेशाच्या आत यानोश प्रोहास्का नावाचा कलाकार जमिनीवर सरपटतोय. चेहरा नाही, डोळे नाहीत, तरी ती जखमी आहे आणि घाबरलीय हे आपल्याला कळतं.

पुढचे: ‘अ टेस्ट ऑफ आर्मागेडन’ आणि ‘एरंड ऑफ मर्सी’ लागोपाठ बघा. पहिल्यात दोन ग्रह पाचशे वर्षं संगणकावर युद्ध खेळतायत. बॉम्ब पडत नाही, पण यंत्राने ज्यांची नावं मृत म्हणून काढली ते आपणहून मरायला जातात. तिथे कर्क युद्ध थांबवायला भाग पाडतो. पुढच्यात तोच कर्क, शत्रू असलेल्या क्लिंगॉन जातीच्या कोरच्या खांद्याला खांदा लावून, आम्हाला लढू का देत नाही म्हणून तणतणतो. आपण काय बोलून बसलो हे त्याच्या लक्षात येतं तो क्षण बघा. महिन्याभराच्या अंतराने दाखवलेले हे दोन भाग आहेत. आपल्या नायकाला असं उघडं पाडायची हिंमत तेव्हाच्या किती मालिकांनी केली असेल?

त्यानंतर ‘धिस साइड ऑफ पॅराडाइज’, मग ‘अमॉक टाइम’, मग ‘जर्नी टु बेबल’. हा स्पॉकचा जिना आहे, पायरी गाळू नका. ‘बेबल’मध्ये स्पॉकचे वडील सारेक दिसले की चेहरा निरखून बघा. मार्क लेनार्ड. तुमचा तो रोम्युलन कप्तान!

रातकिडा

आणि एक, जुनी आवृत्ती बघायची की २००६ पासून नव्याने केलेली, ज्यात अवकाशातली दृश्यं संगणकावर परत बनवलीत? अर्धवर्तुळ यांनी कोणती बघितली? मी जुनीच सांगीन. ग्रह जरा रंगवलेले दिसतात, पण आतल्या सेटशी आणि त्या प्रकाशाशी ते जुळतात. नव्या आवृत्तीत बाहेरचं जहाज एका काळातलं आणि आतली माणसं दुसऱ्या काळातली वाटतात.

चकमक

‘डूम्सडे मशीन’पुरतं तरी नवं बघायला हरकत नाही. त्यात मोडक्या जहाजावर नीट मेहनत घेतलीय. बाकी सहमत.

पानगळ

ट्रिबल्स झाला. मुलीने रात्री सगळ्या उश्या माझ्या अंगावर टाकल्या. ‘कॉर्बोमाइट’ला घाबरली, हात धरून बसवलं, शेवटी टाळ्या पिटल्या. रातकिडा, धन्यवाद.

अर्धवर्तुळ

रातकिडा, जुनीच बघतेय.

आठवड्याभराने लिहितेय. ‘आर्मागेडन’, ‘एरंड ऑफ मर्सी’, ‘पॅराडाइज’, ‘मिरर, मिरर’, ‘डूम्सडे मशीन’ झाले. ‘अमॉक टाइम’ काल. सुपाची वाटी भिंतीवर आपटली तेव्हा मीही दचकले. शेवटी स्पॉक कर्कला बघून ज्या तऱ्हेने हसतो आणि लगेच स्वतःला आवरतो, तो अर्धा सेकंद मी तीनदा मागे नेऊन बघितला.

पण आज मी यादीबाहेरचं एक केलं. ‘द मॅन ट्रॅप’ परत लावला. ‘डेव्हिल’ बघितल्यापासून तो डोक्यात घोळत होता. तो मीठ शोषणारा प्राणी म्हणजे त्याच्या जातीतला शेवटचा. संशोधक ते स्पष्ट सांगतो, बायसनांचं उदाहरण देतो, एके काळी लाखोंनी होते म्हणून. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते माझ्या कानावरून गेलं होतं. हॉर्टाही तशीच, आख्ख्या जातीतली एकटी उरलेली. एकीला मारलं, दुसरीला वाचवलं, मध्ये फक्त सहा महिने. मला वाटत होतं की पहिला भाग राक्षसाला मारून मोकळा होतो. तसं नाही. मकॉयला गोळी झाडावी लागते ती त्याने कधीकाळी प्रेम केलेल्या बाईच्या चेहऱ्यावर. आणि अगदी शेवटी, जहाज निघताना कर्क खुर्चीत गप्प बसलेला असतो. स्पॉक विचारतो, तेव्हा तो सांगतो की बायसनांचा विचार करत होतो. दोन्ही वेळा मी याच्या आतच टीव्ही बंद केला असणार, कारण हे दृश्य मला अजिबात आठवत नव्हतं.

चकमक, माफ करा, ‘सिटी’साठी मी शुक्रतारांचं ऐकलं आणि मागे ठेवलाय. ‘बेबल’ आणि ‘थोलियन वेब’ झाले की तोच.

चकमक

माफी कसली! तीन माणसं तुमची झालीत असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय, त्यामुळे तुमच्या बाबतीत शुक्रताराच बरोबर असतील.

‘सिटी’ रात्री उशिरा लावू नका. आणि मकॉयला धरून ठेवलेले कर्कचे हात बघा, चेहरा नंतर.